हिंसेकडे वळणारा मुलगा आधी कुणाला दिसतो?

जानेवारी १९४८ च्या अखेरीस गोडसे आणि आपटे ग्वाल्हेरला येऊन गेले. गांधीजींवर झाडलेलं बेरेटा पिस्तूल त्यांना इथेच मिळालं, असं सरकारी पक्षाने खटल्यात मांडलं आणि विशेष न्यायालयाने ते मान्य केलं. मदत केल्याच्या आरोपावरून इथल्या एका मराठी डॉक्टरांना शिक्षा झाली. पुढे पंजाब उच्च न्यायालयात ते निर्दोष सुटले. हा इतिहास ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना माहीत असतो, पण आपण त्यावर फारसं बोलत नाही.

त्यानंतर जे झालं तेही माहीत असतं. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्या घरांतल्या माणसांचा हत्येशी काडीचाही संबंध नव्हता. मारेकऱ्याची जात तीच आपली जात, एवढाच त्यांचा गुन्हा. त्या जाळपोळीच्या आठवणी अनेक मराठी कुटुंबांत अजून सांगितल्या जातात.

आजच्या विषयाची सुरुवात मी इथून करते, कारण हिंसक कट्टरतेबद्दल बोलताना दोन गोष्टी सगळ्यात आधी निसटतात. एक म्हणजे ती नेहमी दुसऱ्यांच्या गल्लीत असते असं आपल्याला वाटतं. दुसरी म्हणजे मूठभरांच्या कृत्यासाठी अख्ख्या समाजाकडे बोट दाखवणं आपल्याला सोपं जातं. १९४८ साल आपल्याला या दोन्ही गोष्टींची आठवण देतं. आपल्यातूनही मारेकरी निघाला, आणि आपल्यातल्याच निरपराधांची घरं त्यापायी जळाली.

कट्टर मत आणि हिंसा

एखाद्याचं मत कितीही कडवं असलं तरी तो गुन्हा नाही. कुणी धर्म अगदी कडकपणे पाळतो, कुणाला सरकारचा मनस्वी राग आहे, कुणाला क्रांती हवी आहे, कुणाला हजार वर्षांपूर्वीचं राज्य परत हवं आहे. लोकशाहीत या सगळ्यांना जागा आहे. धोका सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. आपल्या ध्येयासाठी अमुक एका गटातल्या माणसांना मारणं योग्य आहे, किंबहुना ते आपलं कर्तव्यच आहे, असं माणसाला वाटू लागतं आणि तो त्या दिशेने हातपाय हलवू लागतो. त्याला हिंसक कट्टरता म्हणायचं. तिला कुठलाही एक धर्म नाही. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेमध्ये ७७ माणसं मारणारा स्वतःला ख्रिस्ती युरोपाचा रक्षक समजत होता. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींत ५१ जणांना मारणारा गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाने पेटलेला होता. आपल्याकडे जिहादी गट आहेत, नक्षलवादी आहेत, आणि बहुसंख्याकांच्या नावाने हत्यार उचलणारेही आहेत.

पोलीस, गुप्तचर खातं आणि न्यायालयं यांचं काम हिंसेचा कट झाल्यावर किंवा हिंसा झाल्यावर सुरू होतं. ते काम लागतंच. पण गेल्या वीसेक वर्षांत जगभर एक वेगळी दिशाही घेतली गेली. माणूस त्या टोकाला पोहोचायच्या आधीच त्याच्या आसपासच्या लोकांनी त्याला सावरावं आणि वस्तीच इतकी घट्ट असावी की भडकवणाऱ्याला तिथे पाय रोवता येऊ नये, अशी ती कल्पना. त्यासाठी लोकांना प्रशिक्षण द्यायचं आणि वस्ती, शाळा, पोलीस यांची भागीदारी उभी करायची. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी जानेवारी २०१६ मध्ये हिंसक कट्टरता रोखण्याचा कृती-आराखडा महासभेपुढे ठेवला, त्यातही स्थानिक समाजावर मोठा भर होता. कागदावर हे गोड वाटतं. ते प्रत्यक्षात कसं चालतं आणि कुठे फसतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

घरच्यांना माहीत असतं

अमेरिका आणि युरोपात एकट्याने हल्ले करणाऱ्या किंवा हल्ल्याची तयारी करणाऱ्या ११९ जणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळजवळ ६४ टक्के प्रकरणांत त्या माणसाने आपला इरादा घरच्यांना किंवा मित्रांना तोंडाने बोलून दाखवला होता. त्याच्या मनातली खदखद आसपासच्यांना माहीत असल्याची प्रकरणं तर ८० टक्क्यांच्या वर होती. आपण ज्यांना ‘एकटे’ म्हणतो, त्यांच्याबद्दलची ही गोष्ट आहे.

म्हणजे सगळ्यात आधी दिसतं ते आईला, भावाला, खोलीत सोबत राहणाऱ्या मित्राला, कोचिंगच्या सरांना. मग ते बोलत का नाहीत? कधी त्यांना ते खरंच वाटत नाही, ‘तरुण रक्त आहे, बोलतो झालं’ म्हणून सोडून देतात. कधी लाज वाटते. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे सांगायचं कुणाला? आईच्या समोर दोनच वाटा असतात. गप्प बसायचं किंवा पोलीस ठाण्याची पायरी चढायची. यूएपीएसारख्या दहशतवादविरोधी कायद्याखाली एकदा नाव आलं की जामीन मिळणं किती कठीण आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. ज्याने अजून काहीच केलेलं नाही, नुसतं बोलला आहे, अशा पोराला कोणती आई त्या दारात नेईल? ती गप्पच बसणार. तिच्या जागी मीही गप्प बसेन.

या दोन वाटांच्या मधली वाट तयार करणं, हा या सगळ्या प्रशिक्षणाचा आणि भागीदारीचा गाभा आहे. प्रशिक्षणाने आसपासच्या माणसांना बघायला आणि बोलायला शिकवायचं, आणि भागीदारीने त्यांना कुठे जायचं ते ठिकाण द्यायचं. दोन्हींपैकी एकच असेल तर उपयोग नाही. बघायला शिकवलं आणि जायला ठिकाण नाही, तर भीती तेवढी वाढते. ठिकाण आहे पण बघता येत नाही, तर तिथे कुणी फिरकत नाही.

मुलं तिथवर पोहोचतात कशी, याचं एक सरधोपट उत्तर आपल्याकडे तयार असतं: गरिबी आणि धर्मवेड. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने आफ्रिकेतल्या कट्टर गटांत स्वेच्छेने गेलेल्या ४९५ जणांशी बोलून २०१७ मध्ये अहवाल काढला, त्यातलं चित्र वेगळं आहे. त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांनी आपल्याला धर्मग्रंथ फारसे समजत नाहीत किंवा अजिबात समजत नाहीत असं सांगितलं. आणि ७१ टक्के लोकांनी शेवटचा धक्का म्हणून सरकारी कारवाईकडे बोट दाखवलं. घरातला कुणी मारला गेला, मित्राला उचलून नेलं, असं काहीतरी. अपमान, अन्याय झाल्याची भावना, आपण कुणाचेच नाही हे एकटेपण, आणि नेमक्या त्या वेळी ‘तू आमचा आहेस’ म्हणणारा कुणीतरी. या मिश्रणात विचारसरणी बऱ्याचदा नंतर येते.

आणि हे ‘तू आमचा आहेस’ म्हणणारे आता मोबाइलमध्येच असतात. उघड्या ग्रुपवर एखादा चिथावणीचा व्हिडिओ येतो. त्यावर जो सगळ्यात तावातावाने बोलतो त्याला हेरलं जातं, छोट्या बंद ग्रुपमध्ये घेतलं जातं, मग एकट्याशी खासगी गप्पा सुरू होतात. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण घरी काही न सांगता इराककडे निघून गेले. चांगल्या घरांतली, शिकणारी मुलं. त्यांच्यातला एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत आला आणि अटक झाली. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे ७ मार्च २०१७ ला शाजापूर जिल्ह्यात भोपाळ-उज्जैन पॅसेंजरमध्ये झालेला स्फोट. त्यामागची मुलं उत्तर प्रदेशातली होती आणि इसिसच्या प्रचाराने भारलेली होती.

मात्र इथे सांभाळून पाऊल टाकायला हवं. रागावलेली, एकटी, अपमानित मुलं लाखो असतात. त्यांतली जवळजवळ सगळीच कधी कुणाच्या अंगाला हात लावत नाहीत. म्हणून ‘अमुक सात लक्षणं दिसली की समजा’ अशी यादी कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवली तर ती पुढे पाठवू नका. दाढी वाढवणं, टिळा लावणं, पाच वेळा नमाज पढणं, शाखेत जायला लागणं, मांसाहार सोडणं, यातलं काहीही हिंसेचं लक्षण नाही. लक्ष द्यायचं ते माणसांबद्दलच्या बोलण्याकडे आणि वागण्यातल्या एकत्रित बदलाकडे. जुने मित्र तुटले, नवे कोण ते सांगत नाही. एका अख्ख्या समाजाबद्दल किडे-मुंग्यांची भाषा वापरू लागला. कुणाची हत्या झाल्याची बातमी आली की डोळ्यांत चमक येते. मारल्याचे व्हिडिओ जमवतो. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे एखादी विशिष्ट जागा, विशिष्ट माणूस, विशिष्ट दिवस यांचा उल्लेख करतो, हत्याराची चौकशी करतो, निरोप घेतल्यासारखं बोलतो. हे शेवटचं दिसलं तर मधली वाट वगैरे विसरायचं आणि सरळ ११२ वर फोन करायचा.

प्रशिक्षणात नेमकं काय होतं

बहुतेकांना वाटतं, प्रशिक्षण म्हणजे सभागृहात कुणी साहेब येऊन दोन तास पडद्यावर काहीतरी दाखवणार, मग चहा आणि प्रमाणपत्र. तसं प्रशिक्षण मी पाहिलं आहे आणि त्यातून काही हाती लागत नाही. चांगल्या प्रशिक्षणात निम्म्याहून अधिक वेळ सराव असतो. त्याची पद्धत बरीचशी आत्महत्या रोखण्याच्या कामातून आली आहे. तिथे शिक्षक, शेजारी, दुकानदार अशा साध्या माणसांना शिकवतात की समोरच्याला थेट विचारा, विचारल्याने त्याच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही. इथेही तेच.

एक प्रसंग घेऊ. समजा, ग्वाल्हेरच्या दौलतगंजमधलं एक घर. मुलगा १९ वर्षांचा, सैन्यभरतीत दोनदा नापास झालेला, रात्रभर मोबाइलवर. वर्गातले दोघं उभे राहतात, एक मामा होतो, एक भाचा. पहिल्या वेळी बहुतेक जण असंच बोलतात:

“काय रे, दिवसभर हे घाणेरडे व्हिडिओ? आण तो मोबाइल इकडे.”

“तुला काय कळतंय मामा? तुम्ही सगळे झोपलेले आहात.”

“पुन्हा असं बोललास तर तुझ्या बाबांना सांगेन.”

संपलं. त्या रात्रीपासून भाचा घरात काही बोलणार नाही, आणि जो बोलायला मिळेल तो त्या बंद ग्रुपमध्ये बसलेला असेल. मग प्रशिक्षक तोच प्रसंग पुन्हा करायला लावतात.

“परवा जेवताना तू म्हणालास, त्यांना एकदा अद्दल घडवली पाहिजे. माझ्या डोक्यातून जात नाहीये ते. त्यांना म्हणजे कुणाला रे?”

“सगळ्यांनाच.”

“आपल्या कोपऱ्यावर पंक्चर काढतात त्या चाचांनाही?”

“ते वेगळे आहेत.”

“बरं. मग तुझं कुणी काय बिघडवलं, ते सांग. मी मधे बोलत नाही.”

आणि मामाने खरंच गप्प बसायचं. हा भाग सगळ्यात अवघड जातो, कारण आपल्या घरांत मोठ्यांना गप्प बसायची सवय नाही. मामा वाद घालत नाही, इतिहास शिकवत नाही, ‘असं बोलू नये’ म्हणत नाही. ‘सगळे’ या शब्दातून एक ओळखीचा माणूस बाहेर काढतो आणि मग ऐकत राहतो. कुठेतरी खाली भरतीतलं अपयश निघतं, आईबाबांचे टोमणे निघतात, ‘तू वाघ आहेस’ म्हणणारा ग्रुपमधला भय्या निघतो. शेवटी एक प्रश्न सरळ विचारायचाच असतो: “तू काही करायचं ठरवलं आहेस का? कुणी तुला काही करायला सांगितलंय?” हा प्रश्न विचारताना मोठ्या माणसांचाही आवाज अडकतो. म्हणूनच सराव.

यानंतर तोच प्रसंग दुसऱ्या समाजाच्या घरातला म्हणून करायचा. मग एखाद्या मुलीचा म्हणून. हे मुद्दाम करावं लागतं, कारण एकाच समाजाची उदाहरणं घेतली की वर्गातले लोक नकळत तोच समाज मनात पक्का करून घरी जातात.

शिक्षकांचं प्रशिक्षण जरा वेगळं असतं. वर्गात एखाद्या मुलाने चिडून काश्मीरबद्दल, आरक्षणाबद्दल, मंदिर-मशिदीबद्दल टोकाचा प्रश्न विचारला तर त्याला गप्प करायचं नाही आणि त्याचं नावही कुठे कळवायचं नाही. तो प्रश्न वर्गात झेलायचा. जो प्रश्न वर्गात विचारता येत नाही त्याचं उत्तर द्यायला बाहेर माणसं टपलेली असतात. आणि बीटवरच्या पोलिसांनाही शिकवावं लागतं: कुणी काळजीने काही सांगायला आलं तर लगेच वही उघडायची नाही.

एकत्र येऊन काय साधतं

भागीदारी हा शब्द सरकारी कागदांत इतका झिजला आहे की त्याचा खरा अर्थ दाखवायला भिवंडीच बरी. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसं होती, सोबत त्या भागातला पोलीस, आणि बैठका नियमित होत. नळाचं पाणी, भांडणं, लाऊडस्पीकर, जे असेल त्यावर बोलणं होई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या जोड्या लावून अभ्यास केला: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. त्यांना असं दिसलं की नुसता शेजार पुरत नाही. दिवाळी-ईदला फराळाची देवाणघेवाण होते, मुलं एकत्र खेळतात, हे सगळं चांगलंच, पण मोठ्या शहरात आग लागते तेव्हा हा जिव्हाळा अपुरा पडतो. टिकतात त्या संघटना, ज्यांत दोन्हीकडच्यांचा रोजचा स्वार्थ गुंतलेला असतो: व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, क्लब. अफवा आली की तिथली माणसं फोन करून खरंखोटं करतात, कारण दंगल झाली तर दोघांचंही दुकान बुडणार असतं. ‘आमच्यात फार प्रेम आहे हो’ या वाक्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक शहराने हे लक्षात घ्यावं, ग्वाल्हेरनेही.

हे झालं दंगलींबद्दल. एकेकट्या मुलाला सावरण्यासाठीची भागीदारी बघायची तर डेन्मार्कमधलं आरहूस शहर. तिथे १९७० च्या दशकापासूनच शाळा, समाजसेवा विभाग आणि पोलीस बालगुन्हेगारीवर एकत्र काम करत आले होते. पुढे तीच घडी कट्टरतेसाठी वापरली गेली. काळजी वाटणाऱ्या पालकाने एका केंद्रात फोन करायचा. तिथे पोलीस आणि समाजसेवक एकत्र बसून ठरवतात की हे प्रकरण धोक्याचं आहे की वयातला बंडखोरपणा आहे. गरज असेल तर मुलाला एक मार्गदर्शक मिळतो, जो त्याच्याबरोबर महिनोन् महिने चालतो: शाळा, नोकरी, घरातलं भांडण, सगळ्यांत. २०१३ मध्ये आरहूसमधून सुमारे ३० तरुण सिरियाला गेले होते, त्यातले बहुतेक एकाच मशिदीत येणारे. शहराने ती मशीद बंद पाडायच्या मागे न लागता तिच्याशी बोलणं चालू ठेवलं. २०१४ मध्ये जाणाऱ्यांची संख्या एकावर आली. याचं सगळं श्रेय या पद्धतीला द्यायला मी धजावणार नाही, तिथलं युद्ध आणि कायदेही त्या काळात बदलत होते. पण पालक फोन करत होते, ही गोष्ट मला त्या आकड्याहून मोठी वाटते.

विश्वास कसा जातो

बर्मिंगहॅममध्ये २०१० मध्ये लोकांच्या लक्षात आलं की मुस्लिम वस्ती जास्त असलेल्या दोन भागांभोवती दोनशेहून अधिक कॅमेरे बसवले गेले आहेत, त्यातले कित्येक लपवलेले. सांगितलं होतं गुन्हेगारी रोखण्यासाठी, पैसा होता दहशतवादविरोधी निधीतला. संताप उसळला, पोलीस प्रमुखांना माफी मागावी लागली आणि कॅमेरे काढावे लागले. ज्या वस्तीतल्या आईने फोन करायला हवा, त्या वस्तीला त्या दिवशी कळलं की आपल्याला भागीदार म्हणून नव्हे, संशयित म्हणून पाहिलं जातं. ब्रिटनमध्ये २०१५ पासून शाळांवर अशा मुलांकडे लक्ष ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली गेली, तेव्हाही शिक्षकांची हीच तक्रार होती की मुलं आता वर्गात बोलायला घाबरतात.

मदतीचा हात आणि खबऱ्याचं काम एकाच माणसाकडे दिलं की दोन्ही बिघडतात. समुपदेशकाला सांगितलेलं कुठे जाईल हे आधी स्पष्ट हवं: कुणाच्या जिवाला धोका असेल तरच पोलिसांकडे, एरवी नाही. हे लेखी हवं आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

परतीची वाट, आणि चंबळ

जे आत गेलेत त्यांचं काय? जर्मनीत २००० साली ‘एक्झिट’ नावाची संस्था सुरू झाली. एक माजी पोलीस अधिकारी आणि एक माजी निओ-नाझी (हिटलरचे विचार आजही मानणाऱ्या गटातला माणूस) यांनी मिळून काढलेली. निओ-नाझींना त्यातून बाहेर पडायला ती मदत करते. २०११ मध्ये त्यांनी कट्टर उजव्यांच्या एका संगीत महोत्सवात अडीचशे टी-शर्ट फुकट वाटले. वर कवटी आणि त्या लोकांच्या आवडीची घोषणा. घरी नेऊन धुतल्यावर ते चित्र निघून गेलं आणि खाली मजकूर उमटला: तुझ्या टी-शर्टला जमतं ते तुलाही जमेल, आम्ही मदत करू. बाहेर पडायचं असं ज्याच्या मनात कुठेतरी आहे, पण जो कुणासमोर बोलू शकत नाही, त्याच्या खोलीपर्यंत तो निरोप पोहोचला.

पण परतीची वाट शिकायला ग्वाल्हेरकरांना जर्मनीत जायची गरज नाही. मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैनाच्या खोऱ्यांत पायी फिरले आणि वीस बागींनी, म्हणजे चंबळच्या दरोडेखोरांनी, त्यांच्यासमोर शस्त्रं ठेवली. १४ एप्रिल १९७२ ला इथून जवळच मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्यांनी गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. जयप्रकाश नारायण तिथे होते, आणि गांधीवादी कार्यकर्ते एस. एन. सुब्बाराव यांचा आश्रम तिथलाच. त्या एका दिवसामागे कितीतरी महिन्यांची बोलणी होती. माधोसिंग नाव बदलून पाटण्याला जयप्रकाशांना भेटायला गेला होता. सरकार, पोलीस आणि सर्वोदयी कार्यकर्ते यांनी मिळून अटी ठरवल्या: खटले चालतील, शिक्षा होईल, पण फाशी नाही, बायकामुलांची सोय होईल. पुढे मुंगावलीला खुलं कारागृह झालं.

बागी विचारसरणीने पेटलेले नव्हते. जमिनीची भांडणं, सूड, जातीचा अपमान यातून ते खोऱ्यात उतरले होते, हे खरं. तरी परतण्याच्या बाबतीत माणसं सगळीकडे सारखीच वागतात. परत आल्यावर आपण जिवंत राहू, आपली मुलं शाळेत जातील, कुणीतरी आपलं नाव घेऊन हाक मारेल, एवढी खात्री मिळाली तरच माणूस बंदूक ठेवतो. आणि त्या वाटेवर मधे उभं राहणारा असा कुणीतरी लागतो, ज्याच्यावर सरकारचाही विश्वास आहे आणि बागीचाही. ज्यांची माणसं त्यांनी मारली त्या घरांना मात्र या सगळ्यात फार कमी मिळालं. त्या घरांचं दुःख बाजूला ठेवून केलेली समेट कच्ची असते, असं मला वाटतं.

आपल्या शहरात काय आहे, काय नाही

अॅट्रॉसिटी कायद्यावरच्या निकालाविरुद्ध झालेल्या २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये ग्वाल्हेर, भिंड, मुरैना इथे माणसं मेली आणि संचारबंदी लागली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजनेविरुद्ध भाड्याच्या खोल्यांत राहून भरतीची तयारी करणारी मुलं गोला का मंदिर चौकात उतरली आणि बिर्लानगर स्टेशनची तोडफोड झाली. हा हिंसक कट्टरतावाद नव्हता. पण घरापासून दूर, खोल्यांत राहणाऱ्या, निराश झालेल्या हजारो मुलांशी शहराचं काहीच नातं नाही, हे त्या दिवशी उघड झालं. खोलीमालक भाडं घेतो, कोचिंगवाले फी घेतात. सैन्यभरतीचं वय निघून गेलं की त्या मुलाची विचारपूस कोण करतं?

दुसरीकडे या शहराजवळ काही गोष्टी अशा आहेत ज्या पैसे टाकून बनवता येत नाहीत. तानसेन समारोह दरवर्षी तानसेनच्या समाधीपाशी, मुहंमद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात, ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने सुरू होतो. कीर्तनकार आणि मौलाना एकाच सकाळी एकाच जागी. गोरखीत शिंदे घराण्याने मानलेल्या मन्सूरशहा बाबांचं स्थान आहे. पण वर्षातून एकदा शेजारी बसणं आणि वर्षभर एकत्र काम करणं यातलं अंतर मोठं आहे. वार्ष्णेय यांचा मुद्दा इथे बरोबर लागू पडतो.

पोलीस ठाण्यांतल्या शांतता समित्या आहेतच. त्या गणपती, मोहरम, होळीच्या आधी भरतात. बहुधा तेच ते चेहरे असतात. बायका जवळजवळ नसतात, पंचविशीच्या आतलं तर कुणीच नसतं. ज्या वयाच्या मुलांबद्दल बोलायचं तेच वय खोलीबाहेर. या समित्या महिन्याला भरल्या, त्यांत कोचिंगवाले, खोलीमालक, आशाताई, महाविद्यालयातली मुलंमुली आली, तर नवीन काही उभारायची गरजच पडणार नाही. आपल्या गणेश मंडळांकडे शहराच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांतल्या प्रत्येक घराची माहिती असते, कुठे कोण आजारी आहे हे त्यांना आधी कळतं. मंडळाच्या चार कार्यकर्त्यांनी आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या चौघांनी एकत्र बसून तो मामा-भाच्याचा सराव करावा, एकदा नव्हे, दर तीन-चार महिन्यांनी. त्या आठ जणांकडे एकमेकांचे नंबर असावेत. अफवा आली की पहिला फोन तिकडे जावा.

समुपदेशकांची सोय ही मोठी अडचण आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मानसिक ताणासाठी चोवीस तास चालते. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. कट्टरता हा काही मानसिक आजार नाही आणि या हेल्पलाइन त्यासाठी बनवलेल्या नाहीत, पण रात्री दोन वाजता हादरलेल्या आईला बोलायला माणूस मिळतो, हेही थोडं नाही. खरी गरज आहे ती शहरात एखाद्या महाविद्यालयात किंवा रुग्णालयात, पोलीस ठाण्यापासून दूर, प्रशिक्षित दोन-तीन माणसांच्या जागेची.

आणि असं काही सुरू करायची तयारी प्रशासनाने दाखवली, तर आपण नागरिकांनी पहिल्याच बैठकीत हे प्रश्न लेखी द्यावेत: आलेल्या मुलाचं नाव कोणत्या वहीत जाईल? ती वही कोण पाहू शकेल? काही निघालं नाही तर ते नाव किती महिन्यांनी खोडलं जाईल? सगळ्या समाजांच्या मुलांसाठी हीच पद्धत असेल ना? तक्रार असेल तर ती कुणाकडे करायची?